जागल्याची बहीण

जागल्या मी काढला. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको की बाई, तुम्ही एवढ्या का चिडता. लोकांना वाटतं असला खलनायक कुणा दाढीवाल्या, सिगारेटी फुंकणाऱ्या माणसानं काढला असणार. नाही हो. मी काढला. चष्मा नाकावर, चहाचा कप ब्रश धुवायच्या पाण्याशेजारी, आणि दिवसातून दोनदा तरी ब्रश चहात.

वीस वर्षं मी एकाच चित्रकथेच्या साप्ताहिकात होते. सोळा पानं, दर गुरुवारी. गोष्ट मालक आणि मी मिळून ठरवायचो. चित्रं माझी, शाई माझी, फुग्यातली अक्षरंसुद्धा माझीच. आमचा नायक होता पोलादवीर. जबडा विटेसारखा आणि अक्कलही विटेइतकीच. दर आठवड्याला तो जिंकायचा, आणि दर आठवड्याला आमचा खप थोडा उतरायचा. शेवटी एका शुक्रवारी मी पानं द्यायला कचेरीत गेले तेव्हा मालक समोर येऊन उभे राहिले.

"बाई, याच्यासमोर कुणीतरी असा उभा करा की पोरांची झोप उडाली पाहिजे. मंगळवारी पानं द्या."

"मंगळवारी? मी काय यंत्र आहे?"

"यंत्र असतं तर बरं झालं असतं, ते उलटून बोलत नाही," म्हणाले, आणि गेले.

घरी माझा धाकटा भाऊ होता. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचं नाक पुसण्यापासून सगळं मी केलं. लहानपणी इतका गोल होता की मी त्याला ढब्बू म्हणायचे. एकोणिसाव्या वर्षी तो युद्धावर गेला आणि तेविसाव्या वर्षी परत आला तेव्हा ढब्बू म्हणायला जीभ उचलेना. सदरा खांद्यावरून खाली लोंबत होता. तरी म्हणत राहिले. दुसरं काही म्हणायची सवय नव्हती.

युद्ध आम्ही जिंकलो म्हणे. असेल. आमच्या घरात तरी काही कळलं नाही.

ढब्बूला झोप येत नसे. येत नसे म्हणजे उशिरा येते, मोडते, तसलं नाही. दोन दिवसांत एखादा तास डोळा लागला तर लागला. त्याच्या दोन्ही हातांना, कोपराच्या खाली, काही जाणवत नसे. एकदा गरम कढईचा काठ धरून उभा होता, आणि मी किंचाळले तेव्हा त्यानं खाली पाहिलं. दुपारी तो माझ्या टेबलाच्या कडेला बसून माझ्या पेन्सिलींना टोक करून द्यायचा. आणि बोलायचा. खरं तर कुणाशी एक अक्षर बोलणार नाही, असं लष्करानं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. पण माझी मान कागदावर असायची, आणि खाली मान घातलेल्या माणसाशी त्याला बोलता यायचं. मी वर पाहिलं की थांबायचा. म्हणून मी वर पाहत नसे.

त्यानं सांगितलं ते असं. एक रिकामी केलेली शाळा. बाकं बाहेर व्हरांड्यात एकावर एक रचलेली. अकरा शिपाई. सैनिकाला झोप लागू नये म्हणून मानेत सुया, दिवसाला दोन. सुया देणारा डॉक्टर गुणगुणायचा, आणि प्रत्येक सुईनंतर पेपरमिंटची गोळी द्यायचा, शहाण्या मुलाला द्यावी तशी. सहाव्या दिवशी एक जण फरशा मोजायला लागला तो मोजतच राहिला. एक जण शेगडीवर हात टेकून उभा राहिला आणि वास आला तेव्हा बाकीच्यांनी त्याला ओढलं. अकरातले चौघे आले परत. चौघांतला एक आमचा. शाळेनंतरही वर्षभर तो लष्करातच होता, पण त्या वर्षातलं त्याला काही आठवत नसे. "तिथं कोरं आहे ताई," म्हणायचा. "पान फाडल्यासारखं."

आणि माझ्या डोक्यावर मंगळवार होता.

मी नंतर स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. की निदान असं काही झालं हे लोकांना कळू दे. की त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं. सगळं खोटं. मंगळवार होता, एवढंच. रविवारी दुपारी तो झोपेशिवाय पलंगावर पडला होता, आणि मी शेजारच्या खोलीत त्याला विकत होते.

जागल्या म्हणजे एक सैनिक, ज्याची झोप लष्करानं काढून घेतली. पापणी न मिटणारे डोळे. कोपरापर्यंत भाजलेले हात, ज्यांना काही जाणवत नाही. प्रत्येक गुन्ह्याआधी तोंडात पेपरमिंटची गोळी. पहिला अंक दोन दिवसांत संपला. कानामागून आला आणि तिखट झाला, अशी गत. चार महिन्यांत पोलादवीर मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात गेला. शाळांच्या पटांगणात पोरं जागल्या-जागल्या खेळायला लागली आणि पोलादवीर व्हायला कुणी तयार होईना. मालकांनी मला नवा दिवा आणून दिला. "बाई, यांना तुम्ही कुठून शोधून काढलंत हो?" म्हणाले. खलनायकाला अहो-जाहो करत होते, एवढा आदर!

पण खलनायक म्हटला की त्यानं काहीतरी करायला नको? दया येईल असा खलनायक चालत नाही, हे मालकांचं ठाम मत. पहिल्या पाच-सात अंकांत ढब्बूनं सांगितलेलं जवळजवळ सगळं संपलं. पुढचं मी रचलं. जागल्यानं गाड्या रुळावरून उतरवल्या. विहिरींत विष कालवलं. दवाखान्याची वीज तोडली. दोन वर्षांत जागल्याचे एक्केचाळीस अंक (मधले आठवडे किरकोळ चोरांचे), आणि प्रत्येकात काहीतरी आधीच्यापेक्षा भयंकर. त्या कामात मी तरबेज झाले.

त्या साप्ताहिकाचा एकही अंक मी घरात येऊ दिला नाही. काम घरी आणणंही बंद केलं. मालकांना सांगून कचेरीतच टेबल मागून घेतलं. ढब्बूनं काही विचारलं नाही. फक्त एकदा, मी चप्पल घालत असताना म्हणाला, "ताई, पेन्सिली नाहीत का हल्ली?"

"कचेरीत यंत्र आलंय टोक करायचं," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला. त्यानंतर तो शाळेबद्दल बोलला नाही. कुणाशी बोलणार? माझी खाली घातलेली मान मी उचलून कचेरीत नेली होती. एक बरं झालं, असं मला तेव्हा वाटायचं: दर गुरुवारी तो आपणहून सलूनमध्ये जाऊन दाढी करून यायचा. मी शेजारणीला सांगितलंसुद्धा, की पोरगा माणसात येतोय.

दोन वर्षांनी त्याचे पाय सुजायला लागले. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

"मूत्रपिंडं बिघडत चाललीत. याला काय टोचलं होतं?"

"माहीत नाही."

"मग मी काय देऊ? नाव कळलं तर काही उतारा शोधता येईल. न कळता काही दिलं तर उद्या मीच मारीन त्याला."

"किती दिवस आहेत?"

"नाव कळलं तर वर्षं. नाही कळलं तर विचारू नका."

लष्कराला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर: अशी कोणतीही तुकडी, अशी कोणतीही शाळा, असा कोणताही प्रयोग नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात सरकारनं एक चौकशी मंडळ नेमलं. आपल्यावर प्रयोग झाला असं ज्याला वाटतं त्यानं मंडळासमोर यावं. मंडळाला पटलं तर त्याची सीलबंद फाईल उघडायचा हुकूम निघेल. फाईलमध्ये औषधाचं नाव असणार. एका माणसाला एकच अर्ज, दुसऱ्यांदा दाद नाही. मी ढब्बूला धरून बसवलं आणि अर्ज भरला.

सुनावणी एका जुन्या सभागृहात होती. घडीच्या खुर्च्या, पाण्याचा जग, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. थकलेले, पण ऐकून घेणारे. त्यांच्या शेजारी एक लष्करी डॉक्टर, खाली कारकून, आणि समोर लष्कराचा वकील. वकील तरुण होता आणि इतका नम्र की मला पहिल्यापासूनच धडकी भरली.

ढब्बू छान बोलला. उभा राहून, हात बाजूला ताठ. शाळा, बाकं, अकरा जण, सुया, फरशा, शेगडी, पेपरमिंट. कारकून लिहिता लिहिता थांबला आणि तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, पाझर फुटला. कसला पाझर! तो आमचा वाचक होता.

वकिलानं बॅग उघडली आणि टेबलावर एक्केचाळीस अंक ठेवले.

"साहेब, अर्जदारानं ही हकिकत या वर्षी पहिल्यांदा सांगितली. हे अंक दोन वर्षांपूर्वीपासूनचे. यात शाळा आहे, बाकं आहेत, शेगडी आहे. पेपरमिंटची गोळीसुद्धा आहे." मग त्यानं माझ्याकडे मान लववली. "आणि हे काढणाऱ्या बाई अर्जदाराच्या सख्ख्या भगिनी आहेत."

मागं कुणीतरी हसलं. वकिलानं आणखी एक गठ्ठा काढला. दर अंक छापण्याआधी सरकारच्या छपाई खात्याला एक कागद सही करून द्यावा लागतो: यातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी संबंध नाही. एक्केचाळीस कागद. खाली माझी सही, फर्राटेदार.

मी उठले. "मी ते त्याच्याकडून घेतलं! उलटं सांगताय तुम्ही!"

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "मग या सह्या?"

"खोट्या आहेत. घाला मला तुरुंगात. पण फाईल उघडा."

अध्यक्षांनी ढब्बूकडे पाहिलं. "तुम्ही हे अंक वाचलेत?"

"ताई घरात येऊ देत नाही ते, साहेब," ढब्बू म्हणाला. ते अगदी खरं होतं, आणि मी पुढं काही विचारच केला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी पुढच्या मिनिटाला केलं. आमच्या धंद्यात आधी फिक्या निळ्या पेन्सिलीनं चित्र आखतात आणि त्यावर काळी शाई चढवतात. छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नाही. छापलं जातं ते काळं. पण खाली निळं असतंच, त्याच्याशिवाय काळं उभं राहत नाही. मी ते सगळं अध्यक्षांना तावातावानं समजावलं आणि म्हटलं, "साहेब, या अंकांचे दोन कोरे संच घ्या. यानं मला जे सांगितलं त्यावर मी निळी खूण करते. याच्यावर जे खरंच गुदरलं त्यावर हा करेल. वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत, तुमचा माणूस समोर बसवून. दोन्ही खुणा जुळल्या तर मानाल ना? खोटं जुळवायला एक्केचाळीस अंक फार होतात."

वकिलानं हरकत घेतली. अध्यक्षांनी ती बाजूला सारली. "पद्धत नवी आहे," म्हणाले, "पण मला पटते. जुळलं तर मी फाईल उघडायचा हुकूम देईन."

घरी जाताना आम्ही रस्त्याकडेच्या बाकावर बसलो. त्याला दर पाच मिनिटांनी बसावं लागायचं. मला वाटलं, आता तो मला विचारणार. मीच म्हटलं, "ढब्बू, मी तुला न विचारता केलं रे. मी फार वाईट वागले."

तो आपल्या हातांकडे बघत होता. "हात चांगले काढलेस," म्हणाला. "हात अवघड असतात ना?"

मला रडूच आलं. इतकं हलकं वाटलं, की त्यानं ते हात पाहिले कधी, हे विचारायचं सुचलंच नाही.

"आता मी तुझ्या पुस्तकाची परीक्षा देणार," म्हणाला. "नापास झालो तर?"

"शाळेत कधी पास झाला होतास, शहाण्या?"

हसला. मला वाटतं ते त्याचं शेवटचं हसू मी पाहिलेलं. त्या आठवड्यात मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, छपाई खातं आपलं साप्ताहिक बंद करेल. मी म्हटलं, करू दे, मी तुमचं काय घोडं मारलंय, वीस वर्षं जेवू घातलंय तुम्हाला. त्यांनी मला त्याच दिवशी काढून टाकलं. मला काडीचं दुःख झालं नाही. फाईल उघडणार होती.

माझी पाळी सोमवारी होती. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, समोर तो लष्करी डॉक्टर जांभया देत बसलेला. मी प्रामाणिकपणे खुणा केल्या. बाकं, निळी. फरशा मोजणारा माणूस, निळा. डॉक्टरचं गुणगुणणं, निळं. खिडकी मी माझ्या मनानं टाकली होती, चौकटीत उजेड हवा म्हणून, ती सोडली. आठव्या अंकापासून खुणा विरळ झाल्या. बाराव्यानंतर एकही नाही. बत्तिसाव्या अंकात जागल्या धरणाचा दरवाजा उघडतो आणि खालचं गाव बुडतं. तीन पानं नुसतं पाणी. ते पाणी मला तेव्हा फार जमलं होतं. मी पानं उलटली आणि अंक बाजूला ठेवला.

ढब्बूची पाळी बुधवारी झाली. बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. "सगळं केलं," म्हणाला. "काही सोडलं नाही." मी त्याची पाठ थोपटली.

निकालाच्या दिवशी अध्यक्षांनी दोन्ही संच शेजारी ठेवले आणि एकेक अंक उघडून बघायला लागले. पहिला. दुसरा. तिसरा. बाकांवर दोन्हीकडे निळं. शेगडीवर दोन्हीकडे निळं. एका चौकटीत डॉक्टरच्या खिशाला शाईचा डाग होता, त्यावरसुद्धा दोघांची खूण. मी टाकलेल्या खिडकीवर त्यानंही खूण केली नव्हती. अध्यक्षांनी चष्म्यावरून वकिलाकडे पाहिलं, आणि वकिलानं पहिल्यांदाच नजर खाली घातली. मी ढब्बूचा हात दाबला. त्याला कळलं नाही, पण मी दाबला.

बाराव्या अंकानंतर अध्यक्ष हळू झाले. दोन्ही संचांत पुढं-मागं करायला लागले. मग त्यांनी बत्तिसावा अंक हातात घेतला.

"बाई, यात तुमची एकही खूण नाही."

"नाही साहेब. ते सगळं माझ्या डोक्यातलं. त्याचा काही संबंध नाही."

त्यांनी दुसरी प्रत माझ्याकडे फिरवली. सगळी निळी होती. प्रत्येक चौकट. पेन्सिल इतकी दाबली होती की एके ठिकाणी कागद फाटला होता. गाड्या निळ्या, विहिरी निळ्या, दवाखाना निळा. धरणाच्या पानाखाली ढब्बूच्या अक्षरात लिहिलं होतं: हे मी केलं.

"हे तुम्ही लिहिलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

ढब्बू उभा राहिला, हात ताठ. "होय साहेब. दरवाजाचं चाक जड होतं. अठरा फेरे फिरवावे लागले. माझ्या हातांना काही लागत नाही, म्हणून मला पाठवलं असणार."

"कुठलं धरण?"

"नाव सांगितलं नव्हतं."

सांगितलं नव्हतंच. मी नाव दिलंच नव्हतं त्या धरणाला.

"गप्प बस!" मी ओरडले. "अरे, ते मी रचलंय! अठरा फेरेबिरे काही नाहीत, धरणच नाही! साहेब, हे सगळं मी रचलं!"

वकील उठला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मग बाकीचं कुणी रचलं, बाई?"

अध्यक्षांनी दोन्ही संच मिटून बाजूला सारले. शेवटी म्हणाले, "याच्यावर काहीतरी झालंय, एवढं मला दिसतंय. पण मला कागदावर लिहावं लागतं. आणि काय घडलं नि काय छापलं हे अर्जदाराला वेगळं सांगता येत नाही, एवढंच मी लिहू शकतो. त्यावर फाईल उघडत नाही." त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "मला वाईट वाटतं." वाटू दे. त्यांच्या वाईट वाटण्याचं काय लोणचं घालू?

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला धरून हलवलं. "कुठं वाचलंस? कुठं वाचलंस मेल्या, सांग!"

"सलूनमध्ये. असतात तिथं. दर गुरुवारी."

दाढी! आणि मी शेजारणीला कौतुकानं सांगत होते.

"मला त्या वर्षातलं काही आठवत नव्हतं ना," तो समजुतीनं बोलत होता, मीच लहान असल्यासारखं. "मग तू छापायला लागलीस. पहिलं सगळं बरोबर होतं. शेगडी, गोळी, सगळं. मी म्हटलं, पुढचंही ताईला कुठूनतरी कळलंय. तिला तोंडावर सांगवत नाही म्हणून अशी सांगतेय. दर गुरुवारी थोडं थोडं. पहिलं बरोबर, तर पुढचं चूक कसं असेल?"

"ढब्बू, मी पैशासाठी रचलं रे. मालक म्हणाले भयंकर हवं, मी भयंकर केलं."

"तू तिथं होतीस का?"

"नाही."

"मग तुला काय माहीत, मी केलं नाही म्हणून?"

त्या वर्षात त्यानं काय केलं हे मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असणारा कागद सीलबंद होता, आणि तो आम्हीच आपल्या हातानं कायमचा बंद करून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी ऐकलं, सुजेवरची साधी गोळी लिहून दिली आणि दारापर्यंत पोचवायला आल्या. इतर वेळी त्या कधी उठत नसत. घरी आले तर ढब्बू पलंगावर बसला होता आणि मांडीवर बत्तिसावा अंक. सलूनवाल्यानं देऊन टाकला म्हणाला, फुकट.

"ताई, ही बाई." त्यानं बोट ठेवलं. बुडणाऱ्या गावात एका छपरावर एक बाई उभी आहे, खाली पाणी, आणि ती सरळ वर बघते आहे, धरणाकडे. "ही माझ्याकडे बघत होती. बाकीच्यांचं काही नाही, ते पाण्याखाली गेले. ही बघत होती. हिचं कुणी असेल का गं? त्यांना पत्र लिहिलं तर?"

"अरे, ती कुणी नाही." मी त्याच्याशेजारी बसले. आता काहीही करून हे त्याच्या डोक्यातून काढायचंच, असं ठरवून बसले. "हे बघ. चेहरा हवा असला की आम्ही आरशात बघून काढतो. मंगळवार जवळ आलेला, दुसरं कोण बसणार माझ्यासमोर? ही मी आहे. नाक बघ. आईचं नाक. भुवईवरची खूण बघ, तू लहानपणी दगड मारला होतास ती. ही मी आहे, ढब्बू. मी जिवंत आहे, तुझ्याशेजारी बसलेय. कुणी बुडलं नाही."

त्यानं अंक डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा अंकाकडे. कितीतरी वेळ असं चाललं होतं. मला वाटलं, पटलं.

"तूच आहेस," म्हणाला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "मग तूच सांग ना. मला माफ केलंस का?"

मी नाही म्हणू शकले असते. माफ करायला तू काही केलंच नाहीस, असं शंभराव्यांदा सांगू शकले असते. पण दोन वर्षं दर गुरुवारी तो एकटा ते ओझं घेऊन सलूनमधून घरी येत होता, आणि मी त्याच्या गुळगुळीत गालांवर खूश होते. त्याचे पाय पलंगावरून खाली लोंबत होते, कणकेच्या उंड्यासारखे सुजलेले. मला फार दमल्यासारखं झालं.

"केलं माफ," मी म्हटलं.

त्यानं सुस्कारा सोडला आणि अंक मिटून उशीखाली ठेवला. "बरं झालं," म्हणाला. "मग आता औषध नाही मिळालं तरी चालेल." आणि मी आणलेली गोळी त्यानं माझ्या हातात परत दिली.